बेबीनंदाचं ऊन

फाल्गुन सरत आला होता. पहाटेचा वारा अजून अंगाला गार लागे, पण त्या गारव्यावर भरवसा ठेवावा असे दिवस उरले नव्हते. सूर्य भीमनगरच्या घरांवर चढला की स्लॅब तव्यासारखे तापत आणि दुपारी मंठ्याच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली सोडून हलत नसे. म्हणून बेबीनंदा तांबडं फुटतानाच गच्चीवर आली होती. पदर खोचलेला, केसांना फडकं, तोंडात मिसरी. दक्षिणेच्या कठड्याला थंडीभर टांगलेली झाडं ती एकेक करून सोडवत होती आणि उगवतीच्या तारेवर नेऊन बांधत होती.

ही झाडं कुंडीतली नव्हती. त्यांना माती नको, खत नको, मुळं असून नसल्यासारखी. एक चांदीच्या रंगाचं, जटा सोडून बसलेल्या गोसाव्यासारखं. एकाच्या बुडाला कांदा आणि वर सापाच्या शेपट्या. एक तर नुसतीच लोंबणारी करडी दाढी. वाळक्या लाकडाच्या ढलप्यांना सुतळीनं बांधलेली ही मंडळी हवेतल्या ओलीवर आणि अधूनमधूनच्या आंघोळीवर जगत. शहरात त्यांना एअर प्लांट म्हणतात. बेबीनंदा त्यांना ‘बिनमातीची’ म्हणे.

“चला बाबा,” ती दाढीला सोडवत म्हणाली, “थंडीचं ऊन सरलं. आता हितं बसशील तर पापड होशील.”

बेबीनंदा ही काळीपिवळी जीप चालवणाऱ्या नागसेनची थोरली बहीण. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा ती भांडली नाही, रडली नाही. दोन लुगडी आणि पितळेचा डबा घेऊन मंठ्याला परत आली आणि जिन्याच्या वरच्या खोलीत राहिली. त्याला आता केस पांढरे होण्याइतका काळ लोटला. बिजवाईच्या, म्हणजे बियाण्याच्या पिकाच्या, दिवसांत ती बाकीच्या बायांबरोबर टेम्पोत बसून शेडनेटमध्ये क्रॉसिंगला जाई. मिरचीची, वांग्याची कळी चिमट्यानं उघडायची, नराचा पराग मादीच्या फुलाला लावायचा, दोरा बांधायचा, पुढच्या कळीकडे जायचं. हिरव्या जाळीखाली दिवस काढून काढून तिच्या डोळ्याला एक सवय लागली होती. दुसरं कोणी ‘ऊन’ म्हणे तिथं तिला त्यात चार प्रकार दिसत.

बिनमातीची तिच्याकडे आली तीही अशीच, कोणाला नको म्हणून. काही वर्षांमागं, दिवाळीच्या आधी ती सोहनलाल शेठच्या घरी साफसफाईला गेली होती. शेठची नात पलक पुण्याला शिकायला. तिनं येताना काचेच्या गोळ्यांत चिकटवलेली ही झाडं आणलेली, बैठकीतल्या शोकेसमध्ये दिव्याखाली ठेवलेली. ती मलूल पडली. सायरबाई, म्हणजे पलकची आजी, त्यातला एक गोळा हातात घेऊन दाराशी उभी.

“बेबी, ह्याचं काय करू गं? मरतंय बिचारं. पण जीव आहे, कचऱ्यात कसं टाकू? पाप लागेल.”

“द्या हिकडं,” बेबीनंदा म्हणाली. “दिव्याच्या उजेडावर कोण जगतं आजी? मला शोकेसात घातलं तर मीबी मरंल.”

पहिल्या वर्षी तिनं चूक केली. माणसाला तांब्याच्या हंड्यातलं पाणी औषधी, तर झाडालाही असेल, या हिशेबानं तिनं त्यांना रोज हंड्यातल्या पाण्यात बुचकळलं. एकेक झाड बुडाकडून काळं पडत गेलं. पलकनं फोनवर सांगितलं, तांबं त्यांना विष आहे. बेबीनंदानं त्याच दिवशी हंडा उचलून बाजूला ठेवला. पण जी वाचली, ती तिनं मग हट्टानं वाढवली. त्यांना पिल्लं झाली, पिल्लांना पिल्लं झाली.

त्यांचं सगळं तंत्र उजेडाचं. पाणी सोपं, ते सगळ्यांना कळतं. ऊन कळायला त्यांच्यासोबत वर्ष काढावं लागतं. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा दक्षिणेचा कठडा आणि पोटभर ऊन; त्या तिरप्या उन्हात दात नसतात. चैत्र-वैशाखात फक्त उगवतीचं कोवळं, आणि मग दिवसभर वर दुपदरी जाळी. पाऊस लागला की आभाळच जाळी होतं, तेव्हा उघड्यावर टांगायचं, पण डोकं खाली करून, म्हणजे पोटात पाणी साचून सडायला नको. आणि भादवा? भादव्याचं ऊन म्हणजे सासूचं बोलणं. ढगाआडून येतं आणि कातडी सोलून नेतं. त्या दिवसांत बेबीनंदा आभाळाकडे बघत बघत भाकरी थापे.

झाड बोलत नाही, पण सांगतं. अंधारात ठेवलं की हिरवंगार होऊन लुळं पडतं. लोक म्हणतात, वा, काय टवटवीत. पण ती सूज असते. ऊन जास्त झालं की पानं आत वळतात, शेंडे करपतात. बराबर ऊन मिळालं की अंगावर राखेसारखी लव धरतं, आणि फुलायच्या आधी पोटातून लाल होतं, पहिलटकरणीसारखं.

त्या दिवशी तिनं शेवटची सुतळी गाठली आणि खालून नागसेनची हाक आली.

“अक्का, वर सामान न्हाई ना काही? इजहारभाई माप घ्यायला येऊन राह्यला.”

“कशाचं माप?”

“पत्र्याचं.”

इजहार हा त्याच गल्लीतला वेल्डर. तो कानाला पेन्सिल आणि हातात टेप घेऊन वर आला, मागून नागसेन, त्याच्या मागं नागसेनची बायको पंचशीला. उन्हाळा तोंडावर आला, स्लॅब तापतो, खाली कूलरसुद्धा गरम हवा फेकतो, म्हणून अख्ख्या गच्चीवर निळे पत्रे टाकायचे ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे खालच्या घरात ठरलं होतं. वरच्या खोलीला कोणी विचारलं नव्हतं.

“अन् माझी झाडं?” बेबीनंदा म्हणाली.

“जिन्यात लावा की अक्का,” पंचशीला म्हणाली. “चांगला गारवा असतो तिथं.”

“गारवा काय चाटायचाय? तिथं उजेड कुठंय? मागं एकदा ठेवली होती, बुडातून सडली. पाहिलंस तू.”

“आता माणसं उकडून मरून राह्यली, अन् तुम्हाला झाडांचं पडलंय.”

“माणसांना सावली करा. मी कुठं न्हाई म्हणते? हा उगवतीचा पट्टा तेवढा सोडा.”

नागसेन रात्रभराच्या लग्नाच्या भाड्यानं जागा, डोळे लाल. त्याला मापं घेऊन झोपायचं होतं. तो वैतागून म्हणाला, “आक्खी गच्ची झाकून एक पट्टा कामून सोडायचा अक्का? वाऱ्यानं पत्रा उडल. आन् कशासाठी? ह्या बांडगुळांसाठी? आयतं दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या जातीसाठी?”

इजहारनं टेपचं पातं आत सोडलं, ते खर्रकन गेलं, तेवढाच आवाज.

नागसेन झाडांबद्दल बोलला होता. कदाचित. पण मराठवाड्यात बांडगूळ हा शब्द झाडापेक्षा माणसालाच जास्त वापरला जातो आणि परत आलेल्या बहिणीच्या कानाला तो कोणत्या अंगानं लागतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पंचशीलेनं मान वळवली, पण तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. बेबीनंदाला ते दिसलं.

“नाग्या,” ती म्हणाली. नागसेनला पोरं झाली तरी ती रागात त्याला नाग्याच म्हणे. “ह्या स्लॅबाची वाळू कोणी वाहिली रं? मजूर आलेच न्हाईत त्या दिवशी. तू वरून घमेली झेलत होता, जिन्यानं वर कोण चढत होतं?”

“अक्का, मी तसं न्हाई म्हणलो…”

“कसं म्हणला ते मला कळतं. टाक तुझे पत्रे. पार ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत टाक. माझी मी बघते.”

इजहार खाली उतरताना हळूच म्हणाला, “आपा, मेरे पे गुस्सा नक्को हां. अपन मजूर आदमी. भाई बोला माप ले, लेताय.”

“तुझ्यावर कशाला? तू घे बराबर माप. कमी पडलं तर परत मलाच नाव ठेवतील.”

गल्लीच्या तोंडाशी एक कडुलिंब होता; गल्ली त्याला नुसतं लिंब म्हणे. जुना, दोघांच्या कवेत न मावणारा, अर्धा रस्त्यावर आणि अर्धा कोणाच्याच नाही अशा जागेत. फाल्गुनात त्याची पानं झडून गेली होती आणि फांद्यांच्या टोकाला तांबूस कोंब फुटत होते. पत्र्याचा टेम्पो आला त्या सकाळी बेबीनंदानं शिडी काढली, ती लिंबाला लावली आणि पाटीतली बिनमातीची एकेक करून वर न्यायला सुरुवात केली. साडीच्या काठाच्या पट्ट्या फाडून तिनं ती फांद्यांना बांधली. चांदीच्या अंगाची बाहेरच्या बाजूला, हिरव्या अंगाची आत, बुंध्याजवळ, आणि दाढी मधोमध.

खालून गल्ली जमली.

“काय करून राह्यली गं बेबे?”

“संसार थाटून राह्यले.”

सगळ्यात आधी पारावरून उठून आला तो कल्याणमामा. एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. गल्लीत कोणाचा नळ गळतो इथपासून कोणाच्या घरात कोण जेवलं इथपर्यंत सगळ्याची तिकिटं तो फाडत असे. पण त्याच्या बोलण्याला या वेळी कारण होतं. तळणी गावाकडे त्याच्या वडिलांचे दोन गावरान आंबे होते. त्यांच्यावर बांडगूळ चढलं, कोणी लक्ष दिलं नाही आणि पाच-सहा वर्षांत दोन्ही झाडं उभी वाळली. ते दुःख त्याच्या मनातून गेलं नव्हतं.

“उतर खाली!” तो काठी आपटत ओरडला. “आपल्या हातानं झाडाला बांडगूळ लावतं का कोणी? डोकं फिरलं का तुझं?”

“बांडगूळ न्हाई मामा हे.”

“मला शिकवती? फांदीवर बसतं, जमिनीला टेकत न्हाई, ते बांडगूळच!”

“बांडगूळ झाडाच्या अंगात मूळ घुसवतं. त्याचं रक्त पितं. ह्याला मूळच न्हाई, काय घुसवणार? हे निस्तं बसतं. तुम्ही पारावर बसता तसं. तुम्ही बसून बसून पार वाळला का?”

पोरी फिदीफिदी हसल्या. कल्याणमामाचं तोंड लाल झालं.

“हा लिंब माझ्या आज्यानं पाहिलेला हाय. ह्याची फांदी वाळली तर जबाबदार कोण?”

बेबीनंदा शिडीवर थांबली. खाली मामा, बायका, पत्रा उतरवणारी माणसं आणि त्यांच्या मागं दारात हाताची घडी घालून उभी असलेली पंचशीला. बेबीनंदाच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्यावर तिनं ते मागं घेतलं नाही.

“मी. ह्यांच्यामुळं ह्या लिंबाची एक फांदी जरी वाळली, तर मी माझं गठुडं उचलीन अन् हे घर सोडीन. मंठ्यात परत तोंड दावणार न्हाई. झालं?”

“ऐका रं समदे!” मामानं हात वर केला. “समद्यांसमक्ष बोलली बरं का!”

“ऐका, ऐका. अन् तवर कोणी हात लावायचा न्हाई. हेबी समद्यांसमक्ष.”

पंचशीला आत गेली.

लिंबानं मात्र तिला धोका दिला नाही. चैत्रात कोवळी पालवी आली, वैशाखापर्यंत ती गर्द झाली आणि बेबीनंदाच्या लक्षात आलं की शेडनेटवाले जी जाळी विकत आणतात, तीच हे झाड फुकट विणून देतं. ऊन जसं चढतं तशी पानं दाट होतात. दुपारी लिंबाखाली उभं राहिलं की अंगावर चाळणीतून पडावं तसं ऊन पडे, सारखं हलणारं, एका जागी न टिकणारं. बिनमातीच्यांना तेच हवं होतं. एखादं झाड आत वळायला लागलं की ती शिडी लावून त्याला एक फांदी आत सरकवी. पहाटे बादलीत आंघोळ घालून, उलटं झटकून परत टांगी. आता हे सगळं गच्चीवर, आडोशाला नव्हतं. रस्त्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं. जाणारे-येणारे विचारत, हे काय? ती सांगे. न विचारणाऱ्यालाही सांगे.

उन्हाळ्यात पंचशीलेची वेगळीच गंमत झाली. कुरडया-पापडाचे दिवस आले आणि स्वतःच्या गच्चीवर ऊनच नाही. डोक्यावर सुपं घेऊन ती इजहारच्या गच्चीवर जाऊ लागली. बेबीनंदानं शिडीवरून तिला जाताना पाहिलं, पण काही बोलली नाही. काही बोलणी राखून ठेवायची असतात.

आषाढात चांदीचं झाड पोटातून लाल झालं आणि त्यातून जांभळी नळी निघाली. शाळेच्या पोरी थांबून बघायच्या. कल्याणमामासुद्धा काठी टेकत दोनदा बघून गेला. दुसऱ्यांदा तर पार फांदीखाली जाऊन. “फूल बांडगुळालाबी येतं,” म्हणाला आणि परत जाऊन बसला.

मग भादवा लागला.

पोळा झाला आणि लिंबाच्या शेंड्यांवरची पानं तपकिरी पडायला लागली. आधी एक झुबका, मग चार. दोन-चार सरी पडून गेल्या आणि निम्मा लिंब कोणी टोकांना चटके दिल्यासारखा दिसायला लागला. बेबीनंदानं शिडी लावून पाहिलं. बिनमातीची जिथं बांधली होती तिथलं साल हिरवं, जिवंत. जिथं एकही नव्हतं, अगदी वरच्या टोकाला, तिथंही पानं वाळलेली. हा काहीतरी रोग होता. पण गल्लीला शिडीवर चढून बघायचं नव्हतं. गल्लीला खालून दिसत होतं ते पुरेसं होतं.

“मी म्हणलो न्हवतो?” कल्याणमामा प्रत्येकाला सांगत सुटला. “माझे आंबे असेच गेले. शेंड्यापासून सुरुवात.”

बायका तिला बघून गप्प होऊ लागल्या. गिरणीत, दुकानात तिच्या आधी तिचा लिंब पोचलेला असे. एका दुपारी ती कामावरून आली तर तिच्या खोलीतल्या बाजेवर एक रिकामं पोतं घडी घालून ठेवलेलं. धुतलेलं, नीट घडी, गठुडं बांधायला तयार. कोणी ठेवली हे विचारायची गरज नव्हती. बेबीनंदानं ते उचललं, जिन्यात नेऊन पायपुसणं म्हणून अंथरलं आणि त्यावर पाय पुसून वर आली.

पण रात्री तिला झोप लागेना. तिला रोग दिसत होता, दाखवता येत नव्हता. आणि बोलून बसली होती ते तिनंच.

दुसऱ्या सकाळी आभाळ भरलेलं, हवा कोंडलेली. ती दळणासाठी ज्वारी पाखडत होती तेवढ्यात रस्त्याकडून आवाज आला. ती तशीच धावली. कल्याणमामा लांब आकडी घेऊन लिंबाखाली उभा, आकडीचं टोक करड्या दाढीत अडकलेलं. एक झाड खाली पडलेलं, चिखलात.

बेबीनंदानं आकडीची दांडी मधोमध धरली.

“सोडा मामा.”

“तू शब्द दिल्ता!”

“दिल्ता. माझ्यामुळं वाळला तर जाते म्हणले. माझ्यामुळं!”

“मंग कोणामुळं? माझ्यामुळं का?”

“सोडा म्हणते.”

“न्हाई सोडत!”

दोघं आकडी ओढत होती. मामा म्हातारा, पण हट्टी. गल्ली जमली. पंचशीला आली, इजहार वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून आला. कोणी मधे पडेना. तेवढ्यात नागसेनची काळीपिवळी परतूरची पहिली फेरी करून गल्लीच्या तोंडाशी आली आणि वाट अडली म्हणून थांबली. नागसेननं काचेतून बघितलं. उतरला नाही.

बेबीनंदाची नजर गाडीवर गेली आणि तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला. तिनं दांडी सोडली नाही, पण ओरडली.

“नाग्या! उतर खाली!”

तो उतरला. गळ्यातल्या टॉवेलनं मान पुसत.

“तू रोज परतूरला जातो. किती फेऱ्या करतो?”

“करतो की… कामून?”

“रस्त्यानं लिंब हायेत का न्हाईत?”

नागसेननं मागं वळून गाडीकडं पाहिलं.

“हायेत का न्हाईत?”

“हायेत.”

“कसे हायेत?”

नागसेननं पंचशीलेकडं पाहिलं. पंचशीला गटाराकडं पाहत होती. काळीपिवळीतले लोकही आता माना बाहेर काढून ऐकत होते.

“अक्का, घरी बोलू.”

“घरी काहून? मी शब्द रस्त्यावर दिलाय, घरी न्हाई. सांग, कसे हायेत रस्त्याचे लिंब? तुझ्या डोळ्यासमोरून जातात रोज. खरं बोल, मंग मी आत्ता गठुडं बांधते का न्हाई ते ठरवते.”

नागसेननं टॉवेल तोंडावर धरला, मग खाली घेतला.

“वाळून राह्यले,” तो म्हणाला.

“मोठ्यानं.”

“सगळे वाळून राह्यले अक्का! इथून परतूरपर्यंत. शेंडे करपलेत सगळ्यांचे. तळ्याकाठचे, शाळेपुढचे, समदे. रोग आलाय काहीतरी.”

“अन् त्यांच्यावर माझी बिनमातीची कोण बांधून आलं? मी रात्री उडत जाते का?”

गाडीतून कोणीतरी बाई म्हणाली, “आमच्या गावातबी तसंच झालंय वो. बांडगूळ बिंडगूळ काही न्हाई तिथं.”

कल्याणमामाच्या हातातली आकडी ढिली झाली. पण तो बेबीनंदाकडे न बघता नागसेनकडे वळला.

“पोळ्यापासून तुला ठावं होतं?”

“दिसत होतं…”

“मंग पोळ्यापासून गप कामून बसला रं? मी हितं बोंबलत बसलो, तुझी सख्खी बहीण घर सोडायला निघाली, अन् तू स्टेरिंग धरून गप?”

याचं उत्तर रस्त्यावर सांगण्याजोगं नव्हतं, आणि बेबीनंदाला ते ऐकायचंही नव्हतं. ते तिला त्या घडी घातलेल्या पोत्यानं आधीच सांगितलं होतं. तिनं आकडी मामाच्या हातातून काढून घेतली, दाढी सोडवली, चिखलातलं झाड उचलून पदराला पुसलं.

“तरीबी,” मामा हट्टानं पुटपुटला, “दिसतं तर बांडगुळावानीच.”

“दिसण्यावर जाऊ नका मामा. दिसायला तुम्हीबी शहाणे दिसता.”

हसणं उठलं. त्यात मामाही नाइलाजानं थोडा हसला. लोक पांगायला लागले, तशी बेबीनंदानं आवाज चढवला.

“थांबा. कुठं चालले? वाळला तर मी काय करीन ते समद्यांनी ऐकून घेतलं. माझ्यामुळं न्हाई वाळला तर कोण काय करील, हे तव्हा कोणी इचारलंच न्हाई. मी आता सांगते. गच्चीवरचा उगवतीचा पत्रा निघाला पाहिजे.”

“अन् खाली उकडल त्याचं काय?” पंचशीला एकदम बोलली. इतका वेळ दाबलेलं सगळं त्या एका वाक्यात होतं.

“उगवतीच्या उन्हानं स्लॅब तापत न्हाई बाई. तापवतं ते माध्यान्हीचं अन् मावळतीचं. तो पत्रा ठेव. वरून दुसरा टाक, मी धरू लागते. पण सकाळचं ऊन तू अडवू नको. तूच उन्हाळ्यात सुपं डोक्यावर घेऊन लोकांच्या गच्च्या हिंडली. तुझ्या कुरडयांनाबी तो पट्टा लागतो का न्हाई, बोल?”

पंचशीलेनं या वेळी मान वळवली नाही.

“अन् आणखी एक,” बेबीनंदा नागसेनला म्हणाली, आवाज आता खाली आलेला. “त्या दिवशी जे म्हणला ते झाडाला म्हणला का मला म्हणला, ते मी इचारत न्हाई. पण ध्यानात ठेव. बांडगूळ असते ना, तर तू कव्हाच वाळला असता. मी आल्यापासून तू वाळला न्हाईस, फुगलास.”

नागसेन खाली बघून म्हणाला, “इजहारभाई, आज टाईम हाय का?”

“हौ, है ना,” इजहार म्हणाला. “चार नट का काम है. आपा, पर वो झाडां वापस ऊपर लेके जाते क्या?”

बेबीनंदानं लिंबाकडे पाहिलं. वर शेंडे करपलेले, पण मधल्या फांद्या हिरव्या, आणि त्यांत चांदीच्या जटा, सापाच्या शेपट्या. भादव्याचं ऊन ढगातून बाहेर यायच्या बेतात होतं.

“निम्मी वर जातील. थंडीत लिंबाची सावली त्यांना जास्त व्हईल. निम्मी हितंच राहतील.”

“इथं कामून?” मामानं विचारलं.

“तुम्हाला बघायला काहीतरी लागतं की मामा.”

तिनं शिडी लावली, चिखलानं भरलेलं झाड बादलीत धुतलं, उलटं झटकलं आणि एक फांदी आत, सावलीच्या बाजूला बांधलं. करडी दाढी पुन्हा मधोमध टांगली. काळीपिवळीनं हॉर्न दिला, वाट मोकळी झाली. वरून इजहारच्या पान्याचा ठणठणाट सुरू झाला होता.

दारात सूप तसंच पडलं होतं आणि दोन चिमण्यांनी निम्मी ज्वारी अंगणात उधळली होती. “हूऽऽश!” करत बेबीनंदा खाली बसली, सांडलेले दाणे गोळा केले, खडे वेचले, उरलेली ज्वारी पाखडली. मग डबा भरून डोक्यावर घेतला आणि गिरणीत गर्दी व्हायच्या आत निघाली.